अर्लीनबाईंचं तोंड आणि वेंडलचे डोळे

टर्लिंग गावात अर्लीन ड्युबेकबाईंना ओळखत नाही असा माणूस भेटलाच, तर तो ठार बहिरा असणार किंवा कालच राहायला आलेला.

अठ्ठावीस वर्षं बाईंनी शाळेची पिवळी बस चालवली. शाळेचा नियम असा की बस चालवणाऱ्याने मुलांवर ओरडायचं नाही. बाईंनी तो अक्षरशः पाळला. मागे चौपन्न पोरं माकडासारखी लोंबकळत असली, तरी त्या नुसत्या वरच्या आरशात बघायच्या आणि खालच्या आवाजात म्हणायच्या, "ट्रॅव्हिस. बूड टेक." ट्रॅव्हिस तर टेकायचाच, पण त्या नावाची नसलेली आणखी तीन पोरंही टेकायची.

पण माणूस दिवसभर जे ओरडत नाही, ते जातं कुठे? बाईंचं सगळं साठायचं आणि संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानात मोकळं व्हायचं. टर्लिंग गँडर्सचं ते मैदान. गँडर म्हणजे हंस, आणि आमच्या संघाने नावाला जागून दाखवलं होतं: कलकलाट फार, उड्डाण बेताचं. होमप्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे, जाळीला नाक लागेल अशी पहिल्या रांगेतली खुर्ची बाईंची. तिच्यापुढे हातभरावर जाळी, जाळीपलीकडे थोडी माती आणि त्या मातीवर वाकून उभी असलेली अंपायर वेंडल क्रॉप यांची पाठ. बावीस हंगाम बाई त्या पाठीशी बोलत आल्या होत्या.

"वेंडल्या! अरे चष्मा कॉफीच्या कपात पडला का?"

"तीस फूट मागच्या बाकाखाली च्युइंगम चिकटवणारं पोर मला आरशात दिसायचं, तुला नाकासमोरचा चेंडू दिसेना?"

चेंडू बॅटरपुढच्या काल्पनिक चौकटीतून गेला की स्ट्राइक, बाहेरून गेला की बॉल; तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. वेंडलने स्ट्राइक दिला की तो तोंडाने स्ट्राइक असं म्हणतच नसे. तो छातीच्या तळातून काढायचा, "ह्याऽऽऽट्!" गॅरेजचं गंजलेलं दार वर जावं तसा आवाज. बाई तो हुबेहूब काढत. इतका, की एकदा त्यांनी मुद्दाम आधीच "ह्याऽऽऽट्!" केलं आणि बॅटर बाद झालो असं समजून मुकाट्याने चालू लागला. वेंडलला धावत जाऊन त्याला परत आणावं लागलं. त्या दिवशीही वेंडल मागे वळला नाही. बावीस वर्षांत एकदाही वळला नाही.

गंमत म्हणजे हाच वेंडल हिवाळ्यात लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. दर जानेवारीत ड्युबेकांच्या तळघरात यायचा. बाई त्याला कॉफी द्यायच्या, तो बर्फाबद्दल बोलायचा, बाईही बर्फाबद्दल बोलायच्या. मैदानावरचा एक शब्द निघत नसे. जाताना तो टोपीला हात लावून म्हणायचा, "येतो बाई," आणि बाई म्हणायच्या, "जपून जा हो, निसरडं आहे." मेमध्ये पुन्हा सुरू: "अरे आंधळ्या!"

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि निम्म्या हंगामात लीगने आमच्याही मैदानात यंत्र आणलं.

यंत्राची वार्ता गावात फुटली ती मर्व्ह टिलेटच्या डायनरमध्ये, कारण सगळ्या वार्ता तिथेच फुटतात. शुक्रवारी सकाळी सातला कोपऱ्यातल्या टेबलावर तीन माणसं बसायची. एक मर्व्ह स्वतः, हातात फोन आणि फोनमध्ये आकडे. दुसरी पर्ल ऑस्टबी, शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली, अजून कुजबुजतच बोलणारी. आणि तिसऱ्या बाई.

"सोपं आहे," मर्व्ह नाकातून म्हणाला. आकडे सांगताना त्याचा आवाज नाकात जायचा. "बॉल की स्ट्राइक हे अंपायरच सांगणार. पण बॅटर, पिचर किंवा कॅचरला पटलं नाही, तर त्याने दोन सेकंदांत डोक्यावर टपली मारायची. मग कॅमेरे ठरवणार. चेंडू चौकटीतून गेला की नाही, फळ्यावर चित्र. दर संघाला दोन दावे. दावा खरा निघाला तर हातात राहतो, खोटा निघाला तर गेला."

"मागे घड्याळ आणलं," पर्ल कुजबुजली. "पिचरने पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. मी एक शेंग सोलेपर्यंत दोन माणसं बाद. सामना बघतोय की इंजेक्शन घेतोय?"

"पर्ल, पूर्वी तीन तास लागायचे. आता अडीच. अर्धा तास वाचतो."

"वाचवून काय करतोस त्याचं?"

मर्व्ह उत्तर फोनमध्ये शोधू लागला.

"आणि सामना बरोबरीत राहिला की ते दहाव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता माणूस उभा करतात ते!" पर्ल पेटलीच होती; म्हणजे जरा जोरात कुजबुजत होती. "कोण हा? आला कुठून? बेल न वाजवता थेट जेवणाच्या टेबलावर बसलेला पाहुणा!"

"यंत्रासाठी सगळ्यांची उंची मोजली," मर्व्ह म्हणाला. "प्रत्येकाची चौकट त्याच्या उंचीवर. आपले निम्मे गँडर्स दोन-दोन इंच बुटके निघाले. इतकी वर्षं कार्यक्रमपत्रिकेत थापा."

"ते मला विचारायचंस," बाई म्हणाल्या. "बसच्या दाराला सगळी मोजलीत मी. पण यंत्र आलं ते चांगलंच झालं हं. वेंडल्याची बावीस वर्षांची पापं आता भिंतीएवढ्या फळ्यावर दिसतील."

मर्व्हने फोन खाली ठेवला. मर्व्ह फोन खाली ठेवतो तेव्हा जपून राहावं.

"अर्लीन, बाकीच्या गावांत हे यंत्र निम्मा हंगाम चाललंय, आणि वेंडल तिथेही उभा राहतो. त्याच्यावर फारच थोडे दावे खरे निघालेत. गावातल्या सगळ्यांपेक्षा तो बरा आहे. तुझ्यापेक्षा तर शंभर टक्के."

"तुझ्या फोनपेक्षा माझे डोळे जुने आहेत."

"तेच म्हणतोय मी. जुने आहेत."

पर्लने कपाने तोंड झाकलं. बाईंचे कान लाल झाले.

"शनिवारी," बाई म्हणाल्या, "यंत्राने वेंडलला एकदा, नुसतं एकदा खोटं पाडलं, तर हंगाम संपेपर्यंत तू एकही आकडा तोंडातून काढायचा नाहीस. बिलाचासुद्धा. लिहून द्यायचा."

"आणि नाही पाडलं तर सामना संपल्या क्षणापासून तू गप्प. उरलेले अकरा सामने. वेंडलला एक शब्द नाही."

पर्लने चमचा खाली ठेवला. "मर्व्ह, हे जरा क्रूर होतंय."

"मंजूर!" बाई म्हणाल्या आणि अंड्याचा शेवटचा तुकडा असा टोचला, की तो वेंडलच असावा.

घरी जाताना मात्र त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. अकरा सामने गप्प! सामन्याच्या दिवशी नवऱ्याशी त्या दुपारनंतर बोलत नसत, कारण आवाज जपायचा असे. आता तो जपलेला आवाज घेऊन जायचं कुठे? गावात पोरं त्यांना दुरून "ह्याऽऽऽट्!" करून नमस्कार करत. तोंड गेलं तर पिवळ्या बसची एक जुनी बाई तेवढी उरणार होती.

शनिवारी चार वाजता ऊन मैदानावर सांडलेलं. मर्व्ह बाईंच्या डावीकडे, पर्ल उजवीकडे. पुढ्यात वेंडलची पाठ.

तिसऱ्या इनिंगला ट्रॅव्हिस लुंड बॅट घेऊन आला. हाच तो बूड टेकणारा ट्रॅव्हिस. आता चोवीस वर्षांचा, मान बैलासारखी, पण नऊ वर्षं त्या बसमध्ये गेलेली. चेंडू आला, प्लेटच्या बाहेरच्या कडेने गेला.

"ह्याऽऽऽट्!" वेंडल.

"बाहेर!" बाई कडाडल्या. "ट्रॅव्हिस, मैलभर बाहेर होता!"

ट्रॅव्हिसचा हात टाणकन हेल्मेटवर गेला. दावा! स्टँड उठून उभं. फळ्यावर निळी चौकट आली, पांढरा चेंडू हळूहळू सरकत आला आणि चौकटीच्या कडेला केसभर घासून गेला. स्ट्राइक.

"हं," मर्व्ह म्हणाला. फक्त हं.

"केसभर!" बाई ओरडल्या. "केसभराला काय स्ट्राइक म्हणतात?"

"त्यालाच म्हणतात."

वेंडल मागे वळला नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

इनिंग संपल्यावर गँडर्सचा मॅनेजर जाळीपाशी आला. टोपी काढून, अदबीने. "बाई, एक विनंती आहे. दाव्याला बाहेरून मदत चालत नाही. आणि तुमची तर मदतही नाहीये."

"मी काय केलं? मी प्रेक्षक आहे."

"तो तुमच्या बसमधला आहे हो. तुम्ही म्हणालात तर तो इथे मैदानात गृहपाठ काढून दाखवील. वेंडल हा दावा फेटाळू शकला असता."

"मग का नाही फेटाळला?"

मॅनेजरने पाठमोऱ्या वेंडलकडे बघितलं. "त्याला मजा येतेय," तो म्हणाला.

बाईंनी ठरवलं, ट्रॅव्हिसच्या वेळी ओठ शिवायचे. मधे पाहुण्या संघाच्या कॅचरने एक दावा केला. बाई श्वास रोखून खुर्चीच्या कडेवर. फळ्यावर चित्र आलं: वेंडल बरोबर. बाईंनी त्या कॅचरला त्याच्या आई-वडिलांबद्दल एक प्रश्न विचारला.

सहाव्या इनिंगला पुन्हा ट्रॅव्हिस. तिकडे मॅनेजर डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकांपासून, दोन्ही कान झाकून त्याला खुणा करत होता: ऐकू नको. इकडे पर्लने बाईंचा दंड धरला होता. चेंडू छातीच्या उंचीवरून आला.

"ह्याऽऽऽट्!"

बाई ओरडल्या नाहीत. शपथेवर सांगावं, अजिबात ओरडल्या नाहीत. त्या फक्त स्वतःशीच, खालच्या आवाजात पुटपुटल्या, "ट्रॅव्हिस. वरून गेला."

आणि तिथेच घात झाला. ओरडण्याकडे ट्रॅव्हिसने एकवेळ दुर्लक्ष केलं असतं. सगळं स्टँडच ओरडत होतं. पण हा तो बसमधला आवाज होता. ट्रॅव्हिसचा उजवा हात वर निघाला. डाव्या हाताने बॅट टाकून त्याने उजवं मनगट पकडलं. क्षणभर माणूस स्वतःशीच कुस्ती खेळत उभा. मग उजवा जिंकला. टप्!

फळा. चौकट. चेंडू वरच्या रेषेला चाटून आत. स्ट्राइक.

"दोन्ही गेले," मर्व्ह म्हणाला. "गँडर्सचे दावे शून्य. आणि अर्लीन, हे दोन्ही तू एकटीने खर्च केलेस. पिचर नाही, कॅचर नाही. पहिल्या रांगेतून! लीगच्या इतिहासात असा आकडा..."

"आकडे बंद!"

"अजून बंद नाहीत, अजून बंद नाहीत," मर्व्ह गुणगुणला.

आता बाईंना वाचवायला उरला फक्त पाहुण्यांचा एक दावा, आणि पाहुणे एका रनने पुढे होते. त्यांना कशाला वेंडल खोटा पडायला हवा? बाईंनी त्यांच्या बॅटरना जाळीतून गोड आवाजात सल्ले दिले. "राजा, टपली मार ना. काय बिघडतंय?" राजांनी ढुंकून पाहिलं नाही.

नववी, म्हणजे शेवटची इनिंग. गँडर्सचे दोघे बाद, तिसऱ्या बेसवर एक धावणारा, तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणि बॅट कोणाच्या हातात? ट्रॅव्हिसच्या. चौथा बॉल मिळाला तर तो फुकटात पहिल्या बेसवर आणि खेळ चालू. तिसरा स्ट्राइक झाला तर सगळं संपलं. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

चेंडू आला आणि येता येता विहिरीत पडावा तसा खाली बुडाला. कॅचरने तो घोट्यापाशी उचलला. सगळ्या गावाने बघितलं. शेवटच्या रांगेत झोपलेल्या माणसाने बघितलं.

"ह्याऽऽऽट्!" वेंडल म्हणाला, आणि "ट्" अर्धवटच राहिला.

ट्रॅव्हिसचा हात आपण होऊन हेल्मेटवर गेला होता. वेंडलने त्याच्याकडे बघून मान हलवली. "दावे नाहीत रे बाबा उरलेले." फळा कोरा. सामना संपला. गँडर्स हरले.

आणि बाई उठल्या. बावीस वर्षं जिची वाट पाहिली ती चूक! धडधडीत, घोट्याएवढी, हजार साक्षीदारांसमोर! त्यांनी छाती भरून श्वास घेतला. सगळं स्टँड त्यांच्याकडे वळलं. बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं.

मर्व्हने एक बोट वर केलं. "सामना संपलाय, अर्लीन."

बाईंचं तोंड उघडं. श्वास आत. चेहरा टोमॅटोसारखा झाला, मग त्याच्याही पुढे गेला. आणि दात खाऊन, एकही अक्षर न काढता, त्या तशाच उभ्या राहिल्या. मैदानात अशी शांतता पसरली, की पॉपकॉर्नचं यंत्र ऐकू येऊ लागलं.

वेंडल गेटकडे निघाला होता. चार पावलं गेला. थांबला. पाठीवर काहीच येऊन पडलं नव्हतं. त्याने मास्क काढला, आणि वळला.

तो थेट जाळीपाशी आला. "बाई, बरं नाहीये का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"ती पैज हरलीये," पर्ल कुजबुजली. "बोलायचं नाही तुझ्याशी."

"हात्तिच्या!" वेंडलने कपाळ पुसलं. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तो खाली होता ना?"

बाईंचे डोळे चमकले. त्यांनी हात आडवा करून गुडघ्याशी धरला. वेंडलने कबुलीची मान हलवली. बाईंनी हात आणखी खाली नेला, नडगीशी. वेंडलने नाइलाजाने तेही मान्य केलं. बाई वाकल्या, हात थेट बुटाला टेकवला, आणि मग बोटाने जमीन उकरायला लागल्या.

"नाही नाही नाही!" वेंडल जाळीला धरून ओरडला. "नडगीपर्यंत ठीक आहे, त्याच्याखाली मी एक इंच मानणार नाही! अतिशयोक्ती करता हो तुम्ही, बावीस वर्षं करताय!"

बाईंनी दोन्ही डोळ्यांवर हात ठेवून चाचपडत दोन पावलं टाकली, खुर्चीला धडकल्या, आणि खुर्चीची माफी मागितल्यासारखं केलं. सगळं स्टँड हसून कोसळलं. ट्रॅव्हिस डगआउटच्या पायरीवर बसून डोळे पुसत होता.

"हे चालणार नाही!" मर्व्ह तडकला. "ती बोलतेय! हे बोलणंच झालं!"

"एक शब्द नाही, असं ठरलं होतं," पर्ल म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली. "शब्द कुठे आहे यात? दाखव."

"हेतू बघायचा असतो, पर्ल!"

"नियमात हेतू कुठे लिहिलाय?"

"मग नियम बदलू!"

"हंगामाच्या मधे? लाज वाटते का?"

"मला विचारलं तर," वेंडल जाळीपलीकडून म्हणाला, "हातवारे चालू द्यावेत. पण पंधरा सेकंदांच्या आत."

तिघं एकमेकांवर तुटून पडले. बाई मात्र खुर्चीत बसल्या, पर्लच्या पिशवीतून मूठभर शेंगा घेतल्या आणि मर्व्ह बोलत असताना त्याच्या मागे, नाक चिमटीत धरून, एका काल्पनिक फोनवर भराभर बोटं फिरवायला लागल्या.