मामाजी, मी आणि मधे आत्याबाई

आमच्या घरी येता येता एक जीप परत गेली, आणि ती एका अतिशय सुशील सुनेमुळे गेली. ती सून मी.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. आर्णीजवळ आमचं गाव. घर एका टोकाला, शेत नाल्यापलीकडे. जायला-यायला काहीतरी हलकं वाहन घ्यायचं घाटत होतं. आमच्या ह्यांना फटफटी हवी होती. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, बैलांची रेंगी. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू (तेही त्यांच्या पाठीमागेच! सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायची पद्धतच नव्हती, जे असेल ते आत्याबाईंमार्फत). मामाजींचं मन एका ठेकेदाराच्या जुन्या लष्करी जीपवर बसलं होतं. आणि माझा तर जीवच तिच्यात अडकला होता! वणीला भावाने मला चोरून ट्रक शिकवला होता. जीप आली की ती स्वतः चालवत माहेरी जायचं, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

ठेकेदाराच्या माणसाने सकाळी जीप अंगणात लावली, "दिवसभर चालवून पाहा" म्हणाला आणि बाजाराला निघून गेला. आता चालवणार कोण? ह्यांना सायकल येत होती, तीही उतारावरच.

"आत्याबाई, सांगा ना, मले येते," मी पदराआडून म्हटलं.

मामाजी चार हातांवर उभे. सगळं ऐकलेलं. तरी आत्याबाईंनी सांगेपर्यंत आभाळाकडे पाहत थांबले. मग म्हणाले, "तिले म्हन, शेतापर्यंत नेऊन आन. जमलं तं उद्याच घेऊन टाकू!"

खरी पंचाईत पुढेच होती. मामाजी शेजारी बसले तर सून सासऱ्यांना खेटून, मागे बसले तर सुनेची पाठ सासऱ्यांकडे!

"मंग गाडी उलटी चालव ना," हे म्हणाले, "पाठ नाई होत."

"मंग तोंड होते ना त्यायच्याकडे!" आत्याबाई कडाडल्या.

शेवटी मामाजी पलीकडे, मी अलीकडे आणि मधे भिंत म्हणून आत्याबाई, थेट गियरच्या दांड्याशी. हे मागे. गियर बदलायचा झाला की मी म्हणायची, "आत्याबाई, गुडघा!"

गाडी झकास निघाली.

"डावीकडे घे म्हनाव," मामाजी म्हणत.

"डावीकडे घे म्हनून राह्यले," आत्याबाई सांगत. मग मी वळवायची. तोवर वळण मागे पडलेलं! त्यामुळे आम्ही एका तुरीच्या वावरातून गेलो आणि एका खळ्यातूनही गेलो (तिथल्या बाईने "या, चहा घ्या" म्हटलं).

नाला ओलांडला. शेत दिसलं. मला तर माहेरच दिसलं! मी जरा जोर दिला, आणि समोर आली आमचीच कडब्याची गंजी.

"थांबव म्हनाव!" मामाजी ओरडले.

ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. पाय ब्रेकवर नेऊनही ठेवला. पण आत्याबाईंनी कुठे सांगितलं होतं? त्या डोळे मिटून कळंबच्या चिंतामणीला नवस बोलत होत्या, आणि नवस चांगला लांबलचक होता!

"अवं, सांग ना तिले!"

"थांबा ना, नारळ बोलाचे राह्यले!"

मग अंधार झाला. कडब्याचा.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. जीपचा एक दिवा तेवढा गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच मामाजी थेट माझ्याशी बोलले, "सूनबाई, लागलं तं नाई?"

मी तोंडावरची धाटं बाजूला सारली. "आत्याबाई, सांगा त्यायले, नाई लागलं."

मामाजी माझ्याकडे पाहतच राहिले. एवढ्या उलथापालथीत डोक्यावरचा पदर ढळला नव्हता! "पोरगी लाखात एक हाय," ते आत्याबाईंना म्हणाले, "पन जीप नाई घेत."

मी ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं, पोर भ्यायली.

पुढच्या आठवड्यात रेंगी आली. माहेरी गेले मी, पण मागे, पडदा लावून. वाटेत मामाजी नुसतं "होऽ" म्हणाले की बैल तिथल्या तिथे थांबत. त्यांना मधे आत्याबाई लागत नव्हत्या!