बॅगेच्या गाण्यानंतरचं गाणं

मंडळी, दुपारपासून ग्रुपवर वाचतेय की आपल्या सिंगापूरच्या सेंगकांगमधल्या चौघांच्या विनोदी बँडचं नवीन गाणं पडलं. मीही आजच्या कार्यक्रमाला होते, म्हणून लिहितेय.

पुण्याहून निघताना बॅगेच्या वजनावरून भांडणाऱ्या नवराबायकोचं त्यांचं पहिलं गाणं आपण डोक्यावर घेतलं होतं. आजचं गाणं व्हिडिओ कॉलचं. आजी मराठीत विचारते, नात इथल्या इंग्रजीत "ओके ला, बाय" म्हणून पळते, आणि आई आजीला सांगते, "तुमची फार आठवण येते म्हणतेय."

पहिल्या कडव्याला हशा आला. हे आईचं वाक्य आलं आणि हॉल गप्प झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "बॅगेचं होऊ द्या." मग तेच झालं, आणि सगळे नाचलो.

नंतर बँडमधला मंदार एकटाच वायरी गुंडाळत होता. मी म्हटलं, "छान होतं रे." तो म्हणाला, "वहिनी, आमच्याच घरातलं आहे. वाटलं, सगळ्यांना हसू येईल."

परतताना एलआरटी ट्रेनमध्ये माझी लेक शेजारी बसली होती. मराठी तिला सगळं कळतं, बोलत मात्र नाही. ती म्हणाली, "आई, यू ऑल्सो टेल आजी लाइक दॅट, आह?"

मी म्हटलं, "चल, आपलं स्टेशन आलं."

तुमच्या घरी आज कोणी काही विचारलं का? की गाणं खरंच पडलं?