पांढऱ्या पडलेल्या छप्पन्न खिडक्या

“पाठक, त्या जानीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा,” शेठ म्हणाले. “घामट हातांनी सगळ्या काचा खराब केल्या!”

समोर सहा मजली इमारतीचं मॉडेल होतं. एका बिल्डरची ऑर्डर. त्याच्या छप्पन्न खिडक्यांच्या पारदर्शक ॲक्रिलिकवर आतून पांढरट धूर बसला होता. निजामपुऱ्यातल्या त्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. जानीबाई अकलोलीकडच्या पाड्यावरून एसटीने यायच्या. पाच वर्षं खिडक्या त्याच बसवत होत्या.

“भाऊ, मी बोट न्हाय लावलं. चिमट्याबिगर काच धरतच न्हाय मी.”

मला ते माहीत होतं. बदललं होतं ते ॲडहेसिव्ह. आम्ही क्लोरोफॉर्म वापरायचो. ब्रशने थेंब सोडला की प्लास्टिकच्या दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. मात्र जोड पक्का व्हायला रात्र जाते. डिलिव्हरीची घाई म्हणून शेठनी स्वतः इन्स्टंट ग्लू आणला. दहा सेकंदांत जोड. आधी टेस्ट घेऊ म्हटलं, तर म्हणाले, “लॅबोरेटरी खोली है क्या?”

आता मीच हट्टाला पेटलो. ॲक्रिलिकचे चार तुकडे चिमट्याने उचलले. दोन क्लोरोफॉर्मने जोडले, दोन त्यांच्या ग्लूने. दोन्ही जोडांवर एकेक काचेचा ग्लास उपडा घातला, कडेने टेप मारली आणि टेपवर शेठचीच सही घेतली.

“जादू दिखाते हो, पाठक?”

“सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा.”

सकाळी दोन्ही सह्या शाबूत. क्लोरोफॉर्मचा जोड लख्ख. ग्लूच्या जोडाभोवती तोच पांढरा धूर. या ग्लूची वाफ कोंडली की जवळच्या प्लास्टिकवर बसते. मॉडेलच्या बंद मजल्यांत हेच झालं होतं.

“यात हात कोणाचा होता, शेठ?”

“ठीक है, ठीक है. पुसून टाका.”

“पुसून जात नाही. छप्पन्नच्या छप्पन्न नव्याने कापायच्या. आणि जानीबाईंशी तुम्ही बोला, मी नाही.”

शेठ त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, “बसव नव्या.” माफीचा शब्द नाही.

“बसवते,” जानीबाई म्हणाल्या. “पन ती बाटली माझ्या टेबलावर न्हाय पायजे.”

मॉडेल दोन दिवस उशिरा गेलं. बिल्डरने उशिराचं कारणसुद्धा विचारलं नाही.

ॲडहेसिव्ह किती सेकंदांत चिकटतं एवढंच पाहू नये. वाळताना त्यातून काय निघतं तेही पाहावं. त्याला एक रात्र पुरते. कामाच्या बाईवर ठपका ठेवायला शेठना मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.