तळघरात मागे केलेला हात

मित्रहो, आज सकाळी बेळगावच्या किल्ल्यातील इतिहास-फेरीस मी प्रथमच एकटा गेलो होतो.

निघताना मुलीने दूरध्वनीवरून बजावले होते, "बाबा, आई नाही आता. तिच्याशी बोलायची सवय मोडा."

एका जुन्या तळघरात उतरताना दाट अंधार झाला. पत्नीचे गुडघे अधू होते, म्हणून अशा ठिकाणी मी पुढे राहून हात मागे करीत असे. आजही तो गेलाच. "अगं, जपून. पायरी मोडकी आहे."

कोणीतरी हात घट्ट धरला. "व्हय अण्णा, धरलाय. सोडू नगासा!"

त्या सदलग्याहून आलेल्या एक अपरिचित, भारदस्त आक्का होत्या. मागे त्यांच्या मैत्रिणींची साखळीच होती. माझी प्रत्येक सूचना शेवटपर्यंत पोहोचवली जात होती. मार्गदर्शक बिचारा पुढे एकटाच इतिहास सांगत होता.

उजेडात येताच मी क्षमा मागून खरा प्रकार सांगितला.

आक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "अजून एक तळघर हाय न्हवं? द्या हात. आमास्नी पायऱ्या कोण सांगणार?"

मी हात दिला. या वेळी मात्र "अहो, जपून" म्हणालो.

सवय इतकीच सुधारली आहे. मुलीस काय कळवावे, कृपया सुचवावे.