पहिल्या सेकंदातले सर

विश्वाच्या जन्माची आमच्या फिजिक्सच्या सरांइतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या लातुरात दुसरा झाला नाही. बाकीचे क्लासवाले दिवाळीच्या आत पोर्शन संपवत. आमचे सर विश्वाच्या पहिल्या सेकंदातून बाहेरच यायला तयार नसत. एकदा उष्णता शिकवताना त्यांनी खिशातून ज्वारीच्या लाह्या काढून टेबलावर पसरल्या. "बघा, विश्व असंच एका दमात फुगलं. पण हे न फुटलेले गणंग दिसले का? तसं काही ठिकाणी लई गच्च राहिलं, अन् तिथं बारकी कृष्णविवरं झाली असतील." मग बोलण्याच्या भरात ते गणंगांसकट सगळं खाऊन बसले. मी भोकरजवळच्या खेड्यातला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. "अहो भोकरवाले, तुम्हाला काय वाटतं?" असं ते मला विचारत. मला अहो म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

एका रविवारच्या टेस्टमध्ये त्यांनी प्रश्न घातला : असं बारकं कृष्णविवर विरत विरत गेलं, तर शेवटी पूर्ण नाहीसं होतं की कणभर अवशेष राहतो? खाली रीतसर चार पर्याय. लातुरात टेस्ट झाली की संध्याकाळी उत्तरं फळ्यावर लागतात. लागली, या प्रश्नापुढं मात्र जागा कोरी. सकाळी पालक हजर. "पोराचे मार्क गेले ना सर! बी का सी, तेवढं सांगा."

"कुणालाच माहीत न्हाई हो अजून. गुरुत्वाकर्षण अन् क्वांटमची गाठ पडते तिथं. ती सुटली न्हाई."

क्लासच्या मालकांनी हात जोडले. "सर, सी लिहा अन् मोकळे व्हा. कोण जाणार हाय तिथं बघायला? न्हाईतर दुसरा क्लास बघा."

आम्ही हसलो, सरही हसले. खडू उचलून फळ्यापाशी गेले आणि खडू तसाच ठेवून दिला. "खोटं कसं लिहू हो?" त्यानंतर ते क्लासला दिसले नाहीत.

आज मी हदगावला विज्ञान शिकवतो, ते त्यांच्यामुळंच. परवा उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ते भावाच्या आडतीवर दिसले. कपाळावर विभूती, पुढ्यात सोयाबीनचा ढीग. मला पाहून त्यांनी चहा मागवला. चहा घेता घेता मी विचारलं, "सर, त्या प्रश्नाचं पुढं काही कळलं का?" त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. तेवढ्यात एक शेतकरी पायरी चढून आला. "मालक, काय भाव लावता?" सरांनी मूठभर दाणे हातावर चोळले आणि जागच्या जागी भाव सांगून टाकला.

"हां, काय म्हणत होता तुम्ही?" ते माझ्याकडं वळले.

"चहा छान आहे, सर," मी म्हणालो.