सुईचं भोक

नवरात्रात गुलमंडीच्या बाजारात तरवडाच्या पिवळ्या माळा दिसल्या की कॉलेजातलं बॉटनीचं एक प्रॅक्टिकल आठवतं. बांधावरच्या तरवडाची फुलं न्यायची होती. करमाडच्या घरून निघताना आईनं माळच हाती दिली. "ओवून दिलीत. वाटंत सांडायची नायत."

वर्गात लाज वाटली, म्हणून दोरा काढून खिशात कोंबला. फूल उघडलं. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, त्यांतले तीन वांझ, मधोमध हिरवा, वाकडा अंडाशय. त्याला आरपार भोक.

"हे कशानं?" सरांनी विचारलं.

"किडीनं, सर."

घरी आईनं विचारलं, "फुलं धड पोचली का रं?"

"व्हय."

ती वही अजून आहे. आकृतीत भोक सुईइतकं बारीक आणि सरळ काढलंय. त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'कीड'.