मान वळवणारा कॅमेरा

आई अंगणात घसरून पडली तेव्हा घरात कुणी नव्हतं. वडील शेतात गेले होते आणि मी शाळेत होते. आमच्या लोहारा गावातल्याच एका शाळेत मी लहान मुलांना शिकवते, शाळा सकाळची असते. नळाजवळच्या शेवाळावर तिचा पाय गेला होता. मी परत येईपर्यंत ती तिथंच पायरीला टेकून बसून होती. हाड मोडलं नाही, पण पाय धरला तो धरलाच. जर्मनीतल्या दादाला हे कळू द्यायचं नाही असं तिनंच आम्हाला बजावलं, आणि मग तिनंच त्याला फोनवर सांगितलं, "आता बरं हाय बाळा, भिंतीला धरून चालाय येतंय."

दादा तिकडं एका हॉस्पिटलात नर्स आहे. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना हात देऊन उठवतो-बसवतो. आपली आई नळाशी एकटी बसून राहिली, हे त्याच्या मनाला फार लागलं असणार. आठवड्याच्या आत घरी एक पार्सल आलं. आत कवठाएवढा पांढरा कॅमेरा होता.

तो ओसरीच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली बसवला. तिथून ओसरी दिसायची, नळ दिसायचा, फाटक दिसायचं. दादाला तिकडून बघता यायचं, ऐकता यायचं, बोलताही यायचं. शिवाय समोर कुणी हललं की कॅमेरा आपोआप त्याच्या मागं मान वळवायचा. हा गुण खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला होता.

आईला तो पहिल्या दिवसापासून आवडला. सकाळी चहाचा कप घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहायची. "चा घेतलास का?" तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली असायची, त्यामुळं उत्तर यायचं नाही. तरी ती थोडा वेळ थांबायची आणि मगच स्वतःचा चहा प्यायची. वडील संध्याकाळी बनियनवर ओसरीत बसायचे, ते आता सदरा घालून बसू लागले.

"आपलंच पोरगं हाय की," आई म्हणाली.

"पोरगं आपलं हाय. पर तिथं त्येच्या मागं कोन हुबं असंल, काय सांगावं?"

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं.

आमच्या ओसरीत दुपारी गल्लीतल्या बायका जमतात. म्हणजे तेव्हा जमायच्या. जेवणं झाली की कुणी मिरच्यांची देठं काढायला घेऊन यायचं, कुणी लसूण, कुणी डाळ. घरात सासूसमोर डोक्यावरून न ढळणारा पदर इथं खांद्यावर यायचा, पाय लांब व्हायचे आणि बोलणं सुरू व्हायचं. मी उंबऱ्याच्या आत वह्या तपासत बसायचे. माझ्याकडून कुणाला बोलण्याची अपेक्षा नव्हती, आणि ते मला बरं वाटायचं. आई मात्र त्या दोन-तीन तासांवर जगायची. पाय दुखायला लागल्यापासून तर तिचं बाहेर जाणंच बंद झालं होतं. जग तिच्याकडं यायचं ते दुपारी, ओसरीत.

पलीकडच्या घरातल्या वहिनींच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. त्या पाणी प्यायला उठल्या, कॅमेरा वळला. त्या खांबाआड जाऊन बसल्या, तो तिकडं वळला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "काकू, भावजी लई निरखून बघायलेत की."

आई हसली. पण दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. मग कुणाकडं पाहुणे आले, कुणाचे गुडघे धरले. आठवड्याभरात बैठक गल्लीच्या वरच्या टोकाला, खालांच्या दारात गेली. खाला म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वडील, त्यांना खालाच म्हणतात सगळे, हिंदू काय नि मुसलमान काय. आईला बोलावणं यायचं, पण तेवढा चढ तिच्या पायाला झेपत नव्हता.

ती दुपारभर एकटीच मिरच्यांची परडी घेऊन बसायची. बघायला दुसरं कुणी नसल्यामुळं कॅमेरा तिच्याकडंच तोंड करून असायचा.

"दादाला सांगू का काढायला?" मी विचारलं.

"नगं. त्येच्या जिवाला तेवढाच आधार हाय. तू काय बोलू नगंस त्येला."

मग मी खालांच्या दारात गेले. त्यांचं भांडं परत द्यायचं होतं, ते निमित्त झालं. इतक्या बायकांसमोर उभं राहून बोलायची मला सवय नाही. वाक्य घरून ठरवून नेलं होतं. "खाला, तो कॅमेरा आपोआप वळतो. दादा वळवत नाही. तो बघतसुद्धा नाही."

"अगे बेटा," खाला म्हणाल्या, "कोई देखताच नै, तो मुंडी कायकू फिराता?"

वहिनी माझ्या मदतीला आल्या. "टेबलफॅन बी मान फिरवतोच की, खाला. त्येला कुठं डोळं हायत?"

"फॅन हवा देता. ये क्या देता?"

मी पुन्हा सांगितलं की दादा बघत नाही, कामावर असतो. माझ्या शब्दावर म्हणा किंवा आईची कीव येऊन म्हणा, दुसऱ्या दिवशी वहिनी आणि आणखी एकजण आल्या. खांबाला टेकून, अंग चोरून बसल्या, पण बसल्या. आईनं त्या दिवशी दोनदा चहा केला.

रविवारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "वहिनींची म्हैस पान्हा चोरत होती ना, आता देतेय का दूध?"

म्हशीचं बोलणं ओसरीत झालं होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आई माझ्याकडं बघायला लागली.

"तुला कसं कळलं?" मी म्हणाले.

"बघत नाही गं मी. शपथ. नुसतं ऐकतो." त्याची पाळी दुपारी सुरू होते. आपल्याकडं बायका जमायच्या तेव्हा तिकडं सकाळ असते आणि तो डबा करत असतो. फोन खिशात ठेवायचा, कानात इअरफोनचं बोंड घालायचं आणि कणीक मळायची. "इथं सकाळी घरात काहीच वाजत नाही. भांडंसुद्धा मी वाजवलं तरच वाजतं." मग म्हणाला, "मधे कितीतरी दिवस नुसता कावळाच ऐकू येत होता. बायकांचं भांडण झालं काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा आवाज एवढुसा झाला. "काढून टाक. आजच काढ. काय म्हणत असतील त्या मला."

"काढायचं न्हाय," आई म्हणाली. "पर चोरून ऐकायचं न्हाय. ऐकायचं असंल तर म्होरं येऊन बस."

मला वाटलं होतं, झालं ते झालं, बायकांना यातलं काही कळू देऊ नये. आईला ते पटलं नाही. तिनं पायाला फडकं बांधलं, माझा दंड धरला आणि तो चढ चढून खालांच्या दारात गेली. वाटेत तीन वेळा थांबली. पायरीवर बसून दम घेतला आणि सांगून टाकलं. "माझी पोरगी खरं बोलली, पोरगं बघत न्हाय. पर ऐकत व्हतं. समदं."

वहिनींचा चेहरा उतरला होता. त्या आठवून बघत असाव्यात.

"सासूचं समदं ऐकलं व्हय भावजींनी?"

"ऐकलं असंल."

"मंग असू द्या," वहिनी म्हणाल्या. "जर्मनीत कुनाला सांगनार हायत ते?"

हसली सगळ्यात आधी आईच. खाला मात्र हसल्या नाहीत. लसणाची पाकळी परातीत टाकून त्या म्हणाल्या, "उसकू बोल, सूरत दिखाके बैठ. हमारी सुनता, तो अपनी भी सुना."

तसंच ठरलं. मी कॅमेऱ्याचं तोंड नळाकडं केलं, त्याचं वळणं आणि ऐकणं दोन्ही बंद केलं. दुपारी माझा फोन डाळीच्या डब्याला टेकवून ओसरीत उभा करायचा, त्यात दादा. पहिल्या दिवशी तो केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि त्याला काय बोलावं सुचेना. बायकांनाही सुचेना. शेवटी त्यानं उठून कांदा चिरायला घेतला.

"भावजी, कांदा चिरायलात का लाकूड फोडायलात?"

तिथून पुढं अडलं नाही. आता तोही सांगतो. त्याच्या हॉस्पिटलात एक म्हातारी आहे, ती त्याचा हात धरून त्याला आपल्या मुलाच्या नावानं हाक मारते. खालांनी विचारलं, "उसका बेटा किधर रैता?"

"त्याच गावात असतो, खाला."

मिरच्यांची देठं मोडायचा आवाज तेवढा येत राहिला. मग आईनं विचारलं, "तिला जेवाय काय देतेत रं?" आणि त्या दिवशीची बाकीची दुपार त्या म्हातारीच्या जेवणावर गेली. दात नसलेल्या माणसाला काय काय भरवता येतं, हे दादाला पाचजणींनी पाच परींनी सांगितलं.

परवा त्याचा फोन लागायला उशीर झाला. वहिनी त्यांच्या बहिणीच्या साखरपुड्यातलं भांडण सांगायला अगदी उतावीळ झाल्या होत्या. नवऱ्याकडच्यांनी काय काढलं इथपर्यंत आल्या, तेवढ्यात खालांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ठैर गे. पोरगा आने दे. नै तो फिर शुरू से बोलना पडता."

वहिनी थांबल्या. पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आईनं डब्याला टेकवलेला फोन जरा सरळ केला आणि सगळ्या देठं काढत बसून राहिल्या.